पाईप स्लीव्ह: स्लॅबच्या आधी टाकलेले २३ नग, उन्हाळा-पावसाळा बघून झाल्यावरचा रिव्ह्यू

घराचं काम चालू असताना मी टाईल्सचे, नळांचे, रंगाचे, वॉटरप्रूफिंगचे ढीगभर रिव्ह्यू वाचले, पण पाईप स्लीव्हबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. आमचं कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला तळमजला आणि वर एक मजला असं घर झालं, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पहिला स्लॅब पडला, त्याच वर्षी दसऱ्याला राहायला आलो, त्यानंतर एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा बघून झाला, त्यामुळं आता खात्रीनं सांगण्यासारखं आहे. एकूण २३ स्लीव्ह टाकले. त्यातले १४ रेडीमेड, टोपणवाले, शाहूपुरीतल्या एका पाईप-फिटिंगच्या दुकानातून आणलेले, ६ आम्हीच एसडब्ल्यूआर म्हणजे सांडपाण्याचा पीव्हीसी पाईप कापून केलेले आणि ३ पाण्याच्या टाकीसाठी उद्यमनगरात लोखंडी बनवून घेतलेले. तिन्हीचा अनुभव वेगळा आला.

ज्यांनी हा शब्दच ऐकला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. भिंतीतनं, स्लॅबमधनं, प्लिंथमधनं म्हणजे जोत्यातनं पाईप जिथं आरपार जाणार असतो तिथं काँक्रीट टाकायच्या आधी एक मोठ्या मापाची नळी बसवून ठेवायची, तिला स्लीव्ह म्हणतात. काँक्रीट त्या नळीभोवती बसतं, खरा पाईप नंतर नळीच्या आतनं जातो आणि दोघांच्या मधली फट मऊ मालानं भरायची. म्हणजे पाईप सिमेंटला कुठंच चिकटत नाही, त्याला हलायला जागा राहते आणि उद्या खराब झाला तर ओढून काढता येतो. वस्तू एवढी साधी आहे की बहुतेक लोक तिच्याकडं बघतच नाहीत, आणि स्लॅब पडला की मग बघून उपयोग नसतो.

मला हे कळलं ते आधीच्या फ्लॅटमुळं. आम्ही राजारामपुरीत अकरा वर्षं राहिलो. तिथं वरच्या मजल्यावरच्या संडासचा चार इंची पाईप स्लॅबमध्ये तसाच, उघडा, काँक्रीटमध्ये गाडून टाकलेला होता. पीव्हीसी आणि काँक्रीट एकमेकांना धरत नाहीत, काही वर्षांनी पाईपच्या कडेनं केसाएवढी फट पडते आणि वरचं फरशीखालचं पाणी त्या फटीतनं पाईपच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरतं. आमच्या बाथरूमच्या छताला आधी पिवळा डाग आला, मग पोपडे, मग एक दिवस सळईखालचं काँक्रीटचं कव्हर वीतभर खाली पडलं, आत सळई लाल झालेली. प्लंबर म्हणाला पाईप बदलायला लागंल, पण पाईप निघंना, कारण तो स्लॅबनं धरून ठेवलेला. शेवटी वरच्या लोकांचं बाथरूम फोडलं, ब्रेकर लावला, त्याच्या दणक्यानं आमच्या छताला अजून दोन चिरा गेल्या. तीन आठवडे दोन घरांचे हाल आणि वरच्या काकूंशी अकरा वर्षांचा शेजार, तो त्या तीन आठवड्यांत कडवट झाला ते वेगळंच. पाईप आत कुजला म्हणून असं काही झालं नव्हतं, एका जागी कपलिंग म्हणजे दोन पाईपांचा जोड सैल झालेला एवढंच. पाईप स्लीव्हमधनं गेला असता तर एका दिवसाचं काम होतं.

म्हणून नवीन घराच्या वेळी मी पहिल्यापासनं धरून बसले की मला प्रत्येक आरपार जागेला स्लीव्ह पाहिजे. सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा उभा करणारे, मिस्त्री म्हणाले, "वैनी, एवढं कोण करत नाही घरगुती कामात, नंतर होल मारून घ्या की." ठेकेदाराचंही तेच म्हणणं. आमच्या इंजिनीअरनं मात्र लगेच हो म्हटलं आणि प्लंबिंगच्या ड्रॉईंगवर लाल पेनानं गोल काढून दिले, प्रत्येकापुढं पाईपचं माप आणि स्लीव्हचं माप. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. कुणाचंही घर चालू असंल तर एवढं तरी करून घ्या, स्लॅबच्या आदल्या दिवशी प्लंबर, सेंट्रिंगवाले आणि इंजिनीअर तिघांना एकाच वेळी साईटवर उभं करा, कारण प्लंबर साधारण प्लॅस्टरनंतर उगवतो आणि तोपर्यंत सगळं काँक्रीट झालेलं असतं.

आता माप. इथं दुकानदारानं खरंच चांगली मदत केली म्हणून मापाच्या बाबतीत दुकानाला पूर्ण मार्क. मी गेले आणि "चार इंची स्लीव्ह द्या" म्हटलं तर त्या काकांनी आधी विचारलं, पाईप चार इंची का स्लीव्ह चार इंची. चार इंची म्हणतो तो पाईप बाहेरून ११० मिमी असतो, तो ११०च्या स्लीव्हमध्ये जाणार कसा. त्यांचा हिशोब सोपा होता, पाईपच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन साईज मोठी घ्यायची. ७५च्या पाईपला ९० सोडून ११०, आणि ११०च्या पाईपला १६०. पाईपभोवती सगळीकडनं निदान अर्धा इंच मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर सिलंट, म्हणजे फट भरायचा मऊ माल, आत जात नाही, नुसतं तोंडाला लागतं. गरम पाण्याच्या पाईपला वरून काळा फोम लावणार असाल तर फोमसकट माप धरायचं, हे मी विसरलेच होते, त्यांनीच आठवण केली. अजून एक सांगितलं ते मला पटलं, स्लीव्हच्या आत कधी जॉइंट येऊ द्यायचा नाही, कपलिंग असो नाहीतर एल्बो, ते स्लॅबच्या वर किंवा खाली, हात पोचंल अशा जागी.

रेडीमेड स्लीव्ह दिसायला असा असतो: जाड प्लॅस्टिकची नळी, खाली रुंद कडा, कडेला खिळ्यांसाठी चार भोकं, वर टोपण. बाहेरच्या अंगाला रिंगासारख्या दोन उठलेल्या कडा आहेत, त्या काँक्रीटमध्ये रुतून बसतात आणि पाण्याला कडेनं सरळ खाली यायला वाट देत नाहीत. हा भाग मला सगळ्यात आवडला. साध्या कापलेल्या पाईपला ही कड नसते, तो गुळगुळीत असतो, आणि मग स्लीव्हच्याच बाहेरून गळती व्हायची शक्यता राहते. राजारामपुरीत झालं तेच परत, फक्त पाईपऐवजी स्लीव्हच्या कडेनं.

पण आपल्याकडं एक अडचण आली. ही वस्तू प्लायवूडच्या सेंट्रिंगसाठी बनवलीय, खिळे ठोकायचे आणि झालं. आमच्या साईटवर सेंट्रिंग लोखंडी प्लेटांचं होतं, कोल्हापुरात घरगुती कामाला बऱ्याच ठिकाणी तेच असतं. लोखंडी प्लेटेला खिळा कुठनं मारणार? ती चार भोकं बिनकामाची झाली. मिस्त्रींनी शेवटी बाइंडिंगची तार घेऊन स्लीव्ह चार बाजूंनी सळयांना आवळला, वरून एक आडवी सळई टाकून परत बांधला. अकरा जागी बसला नीट, पण तिथं वेळ गेला. कंपनीनं त्या कडेला तार ओवायला दोन कान दिले असते तर फार बरं झालं असतं, याला मी अर्धा मार्क कापते.

दुसरा अर्धा मार्क टोपणाचा. टोपण नुसतं दाबून बसतं, आट्यांचं नाही. स्लॅबच्या दिवशी वर पंधरा-वीस माणसं, घमेली, व्हायब्रेटरची नळी, सगळ्यांचे पाय. तीन टोपणं निघाली आणि दोन स्लीव्हमध्ये सिमेंटचा रबडा गेला. एक आमच्या मामंजींनी वेळेत बघितला, लगेच हातानं उपसला आणि पाणी मारून धुतला. दुसरा कुणाच्या लक्षात आला नाही, तो दगड झाला, आठ दिवसांनी छिन्नीनं फोडून काढला आणि त्यात नळी तडकली. म्हणून सांगते, टोपणावर विसंबू नका, आत ओली वाळू नाहीतर सिमेंटच्या पोत्याचे बोळे गच्च भरा, वर टोपण, टोपणावर चिकटपट्टीचे तीन वेढे. आमच्या दुसऱ्या स्लॅबला असंच केलं आणि एकही भरला नाही. आणि स्लॅबच्या दिवशी घरातलं एक माणूस फक्त स्लीव्हवर लक्ष ठेवायला उभं करा. त्या दिवशी नारळ फोडणं, कामगारांचं जेवण, पाहुण्यांचा चहा यात घरमालक एवढा अडकतो की स्लॅबकडं बघणारं कुणी उरत नाही.

तिसरा अर्धा मार्क उंचीचा. दुकानात दोनच उंच्या मिळाल्या, एक आखूड आणि एक फूटभर. आमचा स्लॅब पाच इंची, बाथरूमला खाली बसवलेला म्हणजे संकन, वर भराव, कोबा, फरशी. तिथं आखूड स्लीव्ह टाकला तर तो भरावाखालीच संपतो आणि भरावात साठलेलं पाणी सरळ स्लीव्हच्या तोंडातनं खालच्या खोलीत. बाथरूममध्ये स्लीव्ह तयार फरशीच्या वर निदान एक-दोन इंच आला पाहिजे, म्हणजे कधी बाथरूम तुंबलं तरी पाणी त्यात शिरत नाही. आम्हाला फूटभराचा कमी पडला म्हणून दोन तुकडे पीव्हीसी चिकटवायच्या सॉल्व्हंटनं जोडून वाढवले. आता वॉशबेसिनखाली आणि कोपऱ्यात ते गोल उंचवटे दिसतात, आलेल्या बायका विचारतात हे काय, पण मला ते बघून बरं वाटतं.

कोरड्या खोलीतल्या भिंतीत मात्र असं बाहेर काढायचं कारण नाही, तिथं दोन्हीकडं प्लॅस्टरच्या लेव्हलला कापायचा आणि वरून स्टीलची गोल चकती लावायची.

आता कापलेल्या पाईपचे सहा. हे प्लिंथमध्ये टाकले, जिथं संडासची आणि सांडपाण्याची लाईन घराबाहेर चेंबरकडं जाते. मला विचारलं तर घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. आमच्या प्लॉटला वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम. काळी माती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर मुरमावर पायात बसलेलं, ते जागचं हलत नाही किंवा सावकाश थोडं खाली बसतं, आणि बाहेरचा पाईप वरच्या मातीत, तो मातीबरोबर वरखाली होतो. पाईप प्लिंथमध्ये घट्ट गाडला तर भिंतीच्या तोंडाशी तो कातरला जातो, बाहेर काही दिसत नाही, संडासचं पाणी पायाशी मुरत राहतं आणि कळतं तेव्हा खालच्या भिंतीला ओल चढलेली असते. माझ्या बहिणीकडं हेच झालं, तिचा पाईप अगदी भिंतीच्या बाहेरच्या रेषेत करवतीनं कापल्यासारखा तुटलेला मी डोळ्यांनी बघितला. स्लीव्ह असला की पाईपला वरखाली व्हायला अर्धा-पाऊण इंच मिळतो, तेवढा पुरतो.

इथं रेडीमेड मिळाला नाही कारण प्लिंथची जाडी नऊ इंच आणि १६० मापात लांब नग दुकानात नव्हता. मग १६०चा टाईप बी पाईप घेतला, टाईप ए पातळ असतो, काँक्रीटच्या दाबानं अंडाकृती होतो. गुळगुळीतपणाचा प्रश्न आमच्या प्लंबरदादांनी असा सोडवला: पाईपच्या बाहेरच्या अंगाला सॉल्व्हंट सिमेंट फासलं आणि ते ओलं असतानाच कोरड्या वाळूत लोळवला. वाळू चिकटली, पाईप खरबरीत झाला, काँक्रीटनं छान धरला. खर्च जवळजवळ नाही. मला विचाराल तर भिंतीसाठी हा जुगाड रेडीमेडपेक्षा चांगला वाटला, कुठलीही लांबी कापता येते. फक्त एक काळजी घ्या, स्लीव्ह बाहेरच्या बाजूला जरासा उतरता बसवा, पावसाचं पाणी आत यायला नको. ड्रेनेजच्या पाईपला उतार लागतोच, तोही त्याच दिशेनं जातो.

बीमचा विषय इथंच काढते. एक पाईप नेमका बीमच्या आड येत होता. मिस्त्री म्हणाले, बीमच्या खालच्या अंगाला टाकू, काय होत नाही. इंजिनीअर त्या दिवशी चिडले. बीमच्या खाली मुख्य सळया असतात, तिथं होल म्हणजे कणाच कापल्यासारखं. टाकायचाच असंल तर उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात, कॉलमपासून लांब, छोट्या मापाचा, भोवती जादा रिंगा देऊन, आणि तेही त्यांनी हिशोब करून दिल्यावर. आम्ही शेवटी पाईपच वळवला, दोन एल्बो वाढले, चालतंय. स्लीव्ह आहे म्हणून कुठंही होल ठेवता येतं असं नाही, हे मिस्त्री लोकांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

टाकीचे तीन वेगळे. जमिनीतली पाण्याची टाकी आरसीसी, तिच्या भिंतीतनं मोटरचा सक्शन, भरायची लाईन आणि ओव्हरफ्लो. इथं नुसता स्लीव्ह चालत नाही, पुडल फ्लँज लागतो. म्हणजे लोखंडी पाईपच्या तुकड्याला मधोमध गोल पत्र्याची चकती सगळीकडनं वेल्ड केलेली. ती चकती भिंतीच्या जाडीच्या मधे गाडली जाते. पाणी पाईपच्या कडेनं बाहेर पडायला बघतं आणि मधे चकती आडवी येते, तिला वळसा घालून जायचं म्हणजे वाट लांब होते, तिथंच ते अडतं. उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्यांना हे सांगावं लागत नाही, "पुडल पाहिजे" म्हटलं की भिंत किती इंची आणि पाईप किती एवढंच विचारतात. आमचे तिन्ही दुसऱ्या दिवशी दुपारी तयार, ६ मिमी पत्रा, पाईपच्या बाहेर दोन-दोन इंच. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल आहे का ते मी बोट फिरवून बघितलं, एकाला कडेला सुईएवढं भोक राहिलेलं, ते त्यांनी काही न बोलता तिथंच भरून दिलं. या कामाला पाचपैकी पाच. टाकी भरून, आतल्या अंगाला पेन्सिलनं रेघ मारून सात दिवस ठेवली, तोंड ताडपत्रीनं झाकून. पाणी जेमतेम दोरीभर उतरलं, काँक्रीटनं पिलं असणार, पण बाहेर तिन्ही तोंडं कोरडी. रेडीमेड प्लॅस्टिकचे पुडलवाले नगही दुकानात होते, ते वापरलेले नाहीत.

गरम पाण्याच्या लाईनला स्लीव्ह का पाहिजे हे मला राहायला आल्यावर कळलं. गच्चीवरच्या सोलरपासून खालपर्यंत सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकची लाईन आहे, सगळी मिळून दहा मीटरच्या आसपास. सीपीव्हीसी तापला की वाढतो, दहा मीटरला ४० अंशांचा फरक पडला तर साधारण २५ मिमी, म्हणजे एक इंच. तेवढ्याच लांबीचा लोखंडी पाईप पाच मिमीच्या आसपास वाढतो. आणि ४० अंश म्हणजे काही फार नाही, थंडीत पहाटे पाईप गार आणि सकाळी सातला सोलरचं पाणी सुटलं की झालंच. पाईप भिंतीत पक्का धरलेला असला तर तो इंच कुठं जाणार, वाकतो, जॉइंटवर ताण येतो, नाहीतर कटकट आवाज करतो. आमच्या घरात तीन भिंती आणि एक स्लॅब या लाईनला लागतात, त्यातल्या तीन जागी स्लीव्ह मोकळे आहेत आणि आवाज नाही. चौथ्या एका जागी, स्वयंपाकघराच्या भिंतीत, प्लंबरच्या पोरानं घाईत स्लीव्हच्या तोंडात सिमेंट भरलं. तिथं रोज सकाळी टक-टक ऐकू यायचं. पंधरा दिवसांपूर्वी ते सिमेंट खरवडून काढलं आणि सिलंट भरला, आवाज गेला. स्लीव्ह टाकून वर सिमेंटनं लिंपणं म्हणजे टाकलाच नाही असं समजा.

फट कशानं भरायची यावर कुणी बोलत नाही म्हणून सविस्तर. आधी आत फोमची गोल दोरी दाबून बसवायची, बॅकर रॉड म्हणून मिळते, मग वरून अर्धा इंच जाडीचा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिसल्फाईड सिलंट, दोन्ही तोंडांना. दोरी नसंल तर सिलंट आत वाहून जातो आणि ट्यूबवर ट्यूब लागते. जमिनीखालच्या जागेला पॉलिसल्फाईड वापरला, वरच्या कोरड्या भिंतींना पीयू. सीपीव्हीसीला मात्र वाट्टेल तो सिलंट चालत नाही, काही माल त्या प्लॅस्टिकला खातो आणि पाईपला बारीक चिरा पडतात, म्हणून ट्यूबवर सीपीव्हीसीला चालतं असं लिहिलेलं बघूनच घ्या, काळं ग्रीस किंवा तेल तर लावूच नका. स्प्रे करायचा पिवळा फोम मला कुठंच आवडला नाही, फुगून भरल्यासारखा दिसतो पण उंदीर कुरतडतात. बाहेरच्या बाजूला, जिथं घुशींचं भय आहे तिथं आम्ही सिलंटच्या आधी तारेची जाळी कोंबली.

वाळवीचं पण इथंच. पायातनं पाईप वर येतात त्या कडा वाळवीची आवडती वाट. वाळवीचं औषध मारणारा आला तर पाईपभोवतीची माती नीट भिजव म्हणून सांगा, बऱ्याचदा ते फक्त भिंतीच्या कडेनं फिरून जातात.

पुराबद्दल कुणीतरी विचारेलच. माझी मावशी नागाळा पार्कात राहते, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला त्यांच्या गल्लीत पाणी आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की तिकडं सगळ्यांचे डोळे गटारीकडं लागतात. २०२१ला दारातनं पाणी यायच्या बऱ्याच आधी तिच्या मागच्या खोलीत पाईपच्या कडेच्या फटीतनं पाणी वर आलं, तांदळाची पोती त्याच खोलीत. स्लीव्ह आणि सिलंटनं पूर अडत नाही, दारातनं येणारं पाणी येणारच, आणि पाईपच्या आतनं उलटं येतं त्याला वेगळा नॉन-रिटर्न म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह लागतो. पण कडेची फट बंद असती तर पोती उचलायला तिला चार-पाच तास मिळाले असते. तिच्याकडं आता कोअर कटिंग करून स्लीव्ह बसवून घेतले.

म्हणजे कोअर कटिंगचाही अनुभव आहे, आमच्याकडं पण एक जागा विसरलीच होती, वरच्या बेडरूमच्या एसीची. हिऱ्याच्या दातांचं गोल बिट असतं, पाणी सोडत फिरवतात, काप एकदम स्वच्छ येतो, ब्रेकरसारखे दणके नाहीत, चिरा नाहीत. पण ते सळईसकट कापतं, म्हणून आधी इंजिनीअरला विचारून जागा ठरवा. चिखल सगळ्या भिंतीवर उडतो, खाली माणूस व्हॅक्यूम घेऊन उभा पाहिजे. एका होलाला जे पैसे गेले त्यात स्लॅबच्या वेळी सहा-सात रेडीमेड स्लीव्ह आले असते. एसीच्या होलातही आत पीव्हीसीचा तुकडा बसवला, बाहेरच्या बाजूला उतरता, नाहीतर कोल्हापूरचा जुलै-ऑगस्टचा आडवा पाऊस त्यातनं सरळ कपाटामागं येतो.

दोन ठिकाणी स्लीव्ह टाकणं मला आता जास्तीचं वाटतं. चार इंची आतल्या भिंतीत खाच मारून जो अर्धा इंची गार पाण्याचा पाईप जातो तिथं आम्ही हट्टानं टाकले, त्याची काही गरज नव्हती, भिंत पातळ, पाईप छोटा, फोडायला पाच मिनिटं. खरी जागा म्हणजे आरसीसी, पाया, टाकी, बाहेरची भिंत आणि गरम लाईन. गॅसची पाईपलाईन घेणार असाल तर तिथं मात्र भिंतीत स्लीव्ह पाहिजेच, अखंड, मधे जोड नसलेला, कारण गळालेला गॅस भिंतीच्या पोकळीत साठला तर कळत नाही. आणि उंच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी पाईपांच्या उभ्या शाफ्टमध्ये एकदा डोकावून बघा, प्रत्येक मजल्याला पाईपभोवतीची फट आगीला टिकणाऱ्या मालानं बंद आहे का. पीव्हीसी आगीत वितळतो आणि स्लॅबमध्ये उघडं भोक राहतं, त्यातनं धूर वरच्या मजल्यावर जातो. त्यासाठी फुगणारी कॉलर मिळते, उष्णता लागली की फुगून भोक बंद करते. आमच्या दोन मजली घराला ती लागली नाही.

मार्क द्यायचे तर रेडीमेड स्लीव्हला पाचपैकी साडेतीन, वस्तू पक्की आहे, कडा चांगल्या, पण टोपण आणि बांधायची सोय सुधारायला पाहिजे. कापलेल्या १६०च्या वाळूवाल्याला चार. उद्यमनगरच्या पुडलला पाच. शाहूपुरीच्या दुकानाला साडेचार, अर्धा यासाठी कापला की उरलेले दोन नग परत घेतले नाहीत, बिलावर तसं छापलेलं नव्हतं आणि विचारल्यावर "एकदा गेलेला माल" म्हणाले. ते दोन मी वरच्या गच्चीच्या स्लॅबमध्ये टाकून घेतले, पुढं कधी इन्व्हर्टरची वायर नाहीतर अजून एक पाईप न्यायला लागला तर, टोपण लावून, सिलंट मारून बंद ठेवलेत, ते या २३मध्ये धरलेले नाहीत.

जाणार असाल तर आधी फोन करून १६० मापाचा फूटभर उंचीचा नग आहे का विचारून जा, तोच नेहमी संपलेला असतो, आणि जानेवारी ते मे सगळ्यांचे स्लॅब असतात तेव्हा आठवडा आधीच सांगून ठेवलेलं बरं.